भिंतीवरचा हात

रोज संध्याकाळी दिवे लागले की तिच्या सोडलेल्या नवऱ्याचा आवाज खिडकीतून घरात शिरायचा. खिडकी लावली तरी शिरायचा. महालाच्या पटांगणात पर्यटकांसाठी लाइट-साउंडचा खेळ चालायचा आणि त्यातलं सगळं निवेदन त्याच्या आवाजात भरून ठेवलेलं होतं. तिची खोली महालाच्या मागच्या बाजूला, आणि कर्ण्याचं तोंड नेमकं तिच्याच खिडकीकडे. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जो माणूस तिने आयुष्यातून काढून टाकला होता, तो असा रोज तिच्या जेवणाच्या वेळेला हजर व्हायचा आणि गळा दाटून आल्यासारखं करून सांगायचा, "आणि मग राणीने भिंतीवर हात टेकला..."

"टेकला तर हो," ती ताटावरून म्हणायची. "राणीनेच टेकला."

मग चार घास कसेबसे गिळून ती उठायची. त्या आवाजापायी कित्येक संध्याकाळी तिला अन्न गोड लागलं नव्हतं.

ती स्वतःही त्याच महालात गाइड होती. पर्यटकांना गर्दीत दिसावी म्हणून पिवळी छत्री उंच धरून चालायची, म्हणून फाटकावरच्या तिकीटवाल्यापासून सगळे तिला छत्रीवाली म्हणत. नवरा गाइड संघटनेचा अध्यक्ष झाला होता. त्याला सगळे अध्यक्षच म्हणत, आणि तीही तसंच म्हणायची, पण तिच्या तोंडून ते शिवीसारखं निघायचं. संसार होता तेव्हा ती त्याला अहो-जाहो करायची. तो मोडल्यावरही तिने ते सोडलं नाही. अरे-तुरे करायला माणूस जवळचा लागतो, असं तिचं म्हणणं.

महाल बघायला जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं यायची. आल्या आल्या आधी संडास कुठे आहे ते विचारायची आणि लगेच हात कुठे आहे ते. वरच्या मजल्यावर आतलं दालन होतं. त्याला एकच लहान खिडकी, आणि खिडकीशेजारी चुन्याच्या गिलाव्यात उमटलेला बाईचा उजवा पंजा. लढाईवर गेलेल्या राजाची वाट बघत राणी रोज तिथे हात टेकून उभी राहायची, इतकी वर्षं की शेवटी भिंतीनेच तिचा हात ठेवून घेतला, अशी गोष्ट. त्या पंजात आपला हात ठेवला की दूर गेलेलं माणूस परत येतं, अशी त्या गोष्टीला पुढे जोडलेली शेपटी. बायका डोळे पुसायच्या. पुरुष आपल्याला यातलं काही पटत नाही असा चेहरा करायचे आणि हात ठेवायला रांगेत सर्वांच्या पुढे असायचे.

हात राणीचा नव्हता. छत्रीवालीचा होता.

लेक पोटात असताना त्या दालनाची दुरुस्ती निघाली होती आणि ती त्या कामावर होती. खालून चुन्याची घमेली भरून वर न्यायची, मुकादम थापीने गिलावा ओढायचा. पोट चांगलं पुढे आलेलं. एका दुपारी तिला भोवळ आली, पडू नये म्हणून तिने हात टेकला, तो नेमका ओल्या गिलाव्यावर. मुकादमाने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आरडाओरडा ऐकून नवरा वर आला. तो तेव्हा नुकताच गाइड झाला होता, अंगावर नवा कोरा बिल्ला होता. बायको भिंतीशी घामाघूम होऊन बसली होती. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. तो भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या हो मुकादम. बुजवू नका. मी याचं काहीतरी करतो."

पाणी हवं का, एवढंही त्याने विचारलं नाही. ही बाई डूख धरणारी होती आणि त्याची तिला अजिबात लाज नव्हती. पुढे तो हॉटेलवाल्या बाईकडे राहायला गेला, कोर्टात हिच्याविषयी नाही नाही ते बोलला, ते सगळं ती एक वेळ विसरली असती. ते न विचारलेलं पाणी मात्र ती विसरली नाही.

मुकादम मरून गेला. आता खरी गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि दोघांनीही ती दाबून ठेवली होती. नवऱ्याचं कारण सरळ होतं, त्याचं सगळं मोठेपण त्या हातावर उभं होतं. तिचं कारण तितकं सरळ नव्हतं. लेक शाळेत जायला लागल्यावर तिनेही परीक्षा दिली, बिल्ला मिळवला आणि इतरांसारखीच राणीची गोष्ट सांगायला लागली. पोट भरायचं होतं, लेक वाढत होती, आणि राणी सांगितली नाही तर लोक तोंड वाकडं करून दुसऱ्या गाइडकडे जायचे. एवढंच तिने पाळलं की त्या हाताला स्वतः कधी शिवायची नाही. पुढे पुढे तर ती दारातूनच छत्रीच्या टोकाने दाखवायची आणि लोकांची रांग संपेपर्यंत बाहेर जिन्यावर उभी राहायची.

लेक मोठी झाली आणि बापाकडे गेली. राहायला नाही, कामाला. पण छत्रीवालीच्या लेखी ते एकच. बाप अध्यक्ष, त्याच्या शब्दावर बिल्ला मिळत होता, पर्यटकांचे चांगले गट मिळत होते. आईकडे काय होतं? एक छत्री आणि कडू तोंड. लेकीने सोयीचं तेवढं बघितलं, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना हसायची, म्हणून लोकांना वाटायचं की तिला फारसं लागलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी गाइडांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. खोली कसली, जुन्या चौकीला पत्रा घातलेला. भिंतीवर बिल्ले टांगायच्या खुंट्या, कोपऱ्यात कायम कुरकुरणारी पाण्याची किटली, आणि बसायला एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या. अध्यक्ष इस्त्रीचा कोट घालून पुढे उभा होता. जागतिक वारशाच्या यादीत महालाचं नाव घालायचं की नाही, हे ठरवणारी समिती परवा येणार होती. तो प्रत्येक शब्द चाखत बोलत होता. समितीला महाल दाखवायचं काम त्याने आपल्या मुलीला दिलं होतं. तिने ते नीट पार पाडलं तर महालाचं कार्यालय तिला कायमची गाइड म्हणून घेणार होतं. बाकीच्यांनी त्या सकाळी आपापले गट खालच्या बागेत फिरवायचे.

"आणि आपला नियम सगळ्यांना माहीत आहेच," तो म्हणाला. "बिल्ला लावलेल्या गाइडने दुसऱ्याच्या गटासमोर तोंड उघडायचं नाही. कुणी उघडलं तर बिल्ला गेला. काही शंका?"

"आहे," छत्रीवाली मागून म्हणाली. "आतल्या दालनात काय सांगणार?"

"सगळे सांगतात तेच."

"नाही, ही माणसं शिकलेली असतात, अध्यक्ष. चुना जुना की नवा, ते त्यांना नुसतं बघून कळतं म्हणे."

अध्यक्षाने कोटाच्या बाहीवरचं नसलेलं काहीतरी झटकलं.

"तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"मला काय म्हणायचंय? तुमचीच काळजी वाटली आपली."

दोघेतिघे फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. अध्यक्षाने किटलीकडे मान वळवून म्हटलं, "काही लोकांना स्वतःचं काही करता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या पायात पाय घालायची सवय असते." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बोलली नाही, कारण तिच्या डोक्यात तोवर सगळं ठरत आलं होतं. समितीसमोर, त्याच्या इस्त्रीच्या कोटासमोर, ती त्या भिंतीवर हात ठेवणार होती. पंजा पंजात बसला की बास. एक शब्द जास्त बोलायची गरज पडणार नव्हती.

त्यात लेकीची नोकरी जाईल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती स्वतःला समजावत होती की पोरीला उद्या कुणी खोटारडी म्हणण्यापेक्षा आज नोकरी गेलेली बरी. समजूत चांगली होती. पण तिच्या मनात लेकीचा चेहरा येत नव्हता, नवऱ्याचा येत होता, आणि तो कसा पडेल याचीच चित्रं ती रंगवत होती.

तरी आदल्या दिवशी ती लेकीला भेटायला गेली. गाइड बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत लेक आरशासमोर उभी राहून ओठ हलवत पाठ करत होती. आई आरशात दिसली तेव्हा ती थांबली, पण वळली नाही.

"उद्या आतलं दालन वगळ," छत्रीवाली म्हणाली.

"का?"

"तो हात राणीचा नाही. माझा आहे. तू पोटात होतीस तेव्हाचा."

तिने सगळं सांगितलं. घमेली, भोवळ, मुकादमाच्या शिव्या, न विचारलेलं पाणी. लेकीने ऐकून घेतलं. मधे एकदा तिने हातातला कंगवा खाली ठेवला, तेवढंच.

"हे खरं आहे?"

"तुझ्या बापाला विचार."

"मी तुला विचारतेय." लेक आता वळली. "खरं असेल तर मी इतकी मोठी होईपर्यंत सांगितलं का नाहीस? मी लहान होते तेव्हा तू मला उचलून त्या हातात माझा हात ठेवायला लावायचीस. बाबा परत येतील म्हणून. आठवतं?"

छत्रीवालीला आठवत होतं. तिला वाटलं होतं, पोरगी ते विसरली असेल.

"लोकांसमोर करावं लागायचं," ती म्हणाली. "गट बघत असायचा. लहान मूल असलं की लोकांना बरं वाटतं."

"म्हणजे मला तू कामाला लावलं होतंस."

"तोंड सांभाळून बोल."

"तू सांभाळ. बाबा खोटं बोलले, बरोबर. पण निदान त्यांनी मला कधी असं सांगितलं नाही की ते माझ्यासाठी बोलले. उद्या माझं काम आहे आणि तुला आजच खरं बोलायची हुक्की आली. तुला बाबांना खाली बघायला लावायचंय. त्यात मी मेले काय, जगले काय."

"ते लोक तुला पकडतील."

"पकडणारे लोक आधी कळवून येत नाहीत, आई." लेकीने कंगवा उचलला. "तू उद्या बागेत जा. तुझ्या पाया पडते हवं तर, पण बागेत जा."

पण ती पाया पडली नाही. छत्रीवाली निघून आली. वाटेत तिच्या मनाने लेकीचं सगळं बोलणं बापाच्या नावावर टाकलं. शिकवलेली पोपटपंची. आता तर हात ठेवायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महालाच्या मागच्या जिन्याने वर गेली. वरच्या पहारेकऱ्याशी तिची जुनी ओळख होती. त्याच्या स्टुलावर तिने छत्री ठेवली, मग साडीवरचा बिल्ला काढला आणि तोही छत्रीशेजारी ठेवला. पहारेकऱ्याने भुवया उंचावल्या.

"नियम बिल्लेवाल्यांना आहे," ती म्हणाली. "बिनबिल्ल्याच्या बाईला कुठला नियम?"

या हुशारीवर ती बेहद्द खूश होती. अध्यक्षाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला नियम, आणि त्यातूनच ती निसटणार होती. साडीवर पिनेची दोन भोकं राहिली होती, ती पदराने झाकून ती आतल्या दालनात शिरली.

समिती आधीच आत होती. पाच-सहा माणसं, चांगले बूट घातलेली, आणि त्यांच्या मधोमध काठी टेकलेली एक वयस्क पाहुणी, जिच्याकडे बाकीचे सगळे बोलण्याआधी बघून घेत होते. अध्यक्ष दाराजवळ कोटात ताठ उभा. लेक खिडकीपाशी. तिचा आवाज मोकळा होता, स्वच्छ होता, आणि तो ऐकून छत्रीवालीला नको असताना अभिमान वाटला.

"...आणि इथे राणी उभी राहायची," लेक सांगत होती.

"राणी नाही," छत्रीवाली म्हणाली. "तो हात माझा आहे."

सगळे वळले. अध्यक्षाचा चेहरा तिने रंगवला होता तसाच पडला. खरं तर त्याहून जास्त पडला, आणि तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती पुढचं विसरलीच. मग ती गटातून वाट काढत भिंतीपाशी गेली.

"मी इथे कामाला होते. गिलावा ओला होता. मला चक्कर आली आणि मी हात टेकला. या माणसाने त्याची राणी केली. विचारा त्याला."

पाहुणीने अध्यक्षाकडे बघितलं. ज्या माणसाला खोटं बोलायला कधी घोटभर पाणीसुद्धा लागलं नव्हतं, तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"ठेवा ना मग हात," पाहुणी छत्रीवालीला म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

छत्रीवालीने पदर खोचला आणि उजवा हात पंजात ठेवला.

हात बसला नाही. पंजा तिच्या हातापेक्षा कितीतरी मोठा होता. बोटांच्या मधल्या रेघा जवळजवळ पुसून गेल्या होत्या, तळव्याच्या जागी नुसता गुळगुळीत खळगा होता, आणि त्यात तिचा हात कसाही ठेवला तरी ठेवता येत होता. तिने तो जरा वर सरकवला, जरा खाली घेतला. इतक्या वर्षांत जगभरच्या माणसांनी त्यात हात घालून घालून तो घासून काढला होता. दारातून छत्रीच्या टोकाने दाखवताना हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

पाहुणीने काठी डाव्या हातात घेतली आणि छत्रीवालीने हात काढल्यावर स्वतःचा ठेवला. तोही तसाच कसाही मावला. समितीतल्या एका गृहस्थाने आपला दणकट पंजा ठेवून बघितला. तोही मावला.

"हाच आहे," छत्रीवाली म्हणाली. "मी सांगतेय ना. झिजलाय तो. तेव्हा नव्हता असा." आणि मग तिने लेकीकडे बघितलं. "हिला विचारा. हिला सांगितलंय मी सगळं. सांग त्यांना."

लेक आईकडे बघत होती. खाली बागेतून दुसऱ्या एका गाइडचा आवाज येत होता. अध्यक्षाने मान वर केली नाही. छत्रीवालीला वाटलं, आता सांगेल. पोटची पोर आहे, इथेच पोटात होती, आता सांगेल.

लेक वळली ती समितीकडे. आवाज मघाचाच, मोकळा आणि स्वच्छ.

"अशा बायका इथे अधूनमधून येतात," ती म्हणाली. "हा हात माझाच आहे म्हणतात. ज्यांचं माणूस सोडून गेलेलं असतं त्यांना या जागी तसं वाटायला लागतं. राणीच्या गोष्टीचीच ताकद म्हणायची ती. आम्ही त्यांना कधी हटकत नाही. थोडा वेळ उभ्या राहतात आणि जातात."

पाहुणीने हळू मान हलवली. "किती वाईट," ती शेजारच्याला म्हणाली, आणि तिने छत्रीवालीच्या खांद्यावर हात ठेवला, आपण अनोळखी आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतो तसा. मागे कुणीतरी फोटो काढला. कुणीतरी विचारलं, त्या बाई पुन्हा एकदा भिंतीवर हात ठेवतील का.

छत्रीवालीचा हात आपोआप छातीशी गेला, बिल्ला दाखवायला. तिथे पिनेची भोकं होती. मी इथली गाइड आहे, ही माझी मुलगी आहे, हा माझा नवरा होता, असं सगळं एकदम तिच्या तोंडाशी आलं, आणि यातलं काहीही आता बोललं तरी वेडी बाई बोलते तसंच ऐकू येईल, हे तिला त्याच क्षणी कळलं. बापाला जे जमलं नव्हतं ते पोरीने करून दाखवलं होतं. आणि पोरीचा चेहरा पांढराफटक होता, पण आवाज जराही कापत नव्हता.

"बाई," लेक तिला म्हणाली, "जरा बाजूला होता का? मागच्यांना दिसत नाही."

ती बाजूला झाली.